‘ह्यात श्रीलिपी चालतंय काय?’

गेल्या वर्षी तुळशीची लग्नं लागली आणि चार-पाच दिवसांत खानापूरकडचे एक छापखानेवाले काका माझ्या बेळगावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले. काखेत लॅपटॉपची बॅग. त्यांची मुलगी पुण्यात ॲनिमेशनचं काम करते. तिने स्वतःला नवीन मॅकबुक घेतला आणि जुना बाबांना दिला. जुना म्हणजे २०२० चा, एम-वन चिपचा, माझ्या दुकानात खोक्यात बंद असलेल्या निम्म्या लॅपटॉपपेक्षा चपळ. काकांनी तो काउंटरवर ठेवला, झाकण उघडलं, पडद्यावरची नसलेली धूळ रुमालाने पुसली. "लई देखणं आहे बघा," म्हणाले. मग विचारायला सुरुवात केली.

"ह्यात श्रीलिपी चालतंय काय?"

"तुमच्याकडची, डोंगलवाली, नाही चालणार."

"पेजमेकर?"

"नाही."

"नुडी तरी?"

"तुमच्याकडं आहे ते विंडोजचं आहे, काका."

"मग काय करू हे घिऊन?"

वेग किती, बॅटरी किती तास, पडदा कसा, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. सगळ्यांपेक्षा वेगळा कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या मात्र जाहिरातीत नेमकं एवढंच सांगत बसतात.

काकांचा धंदा कसा चालतो ते आधी बघू. लग्नपत्रिका मराठीत, त्या श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. शाळेचे फॉर्म, पंचायतीच्या नोटिसा कन्नडमध्ये, त्या नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. दोन्ही नेऊन पान मांडायचं पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये. या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली आली, त्यानंतर आलीच नाही. श्रीलिपीचा डोंगल, म्हणजे जो लावल्याशिवाय श्रीलिपी उघडतच नाही तो बोटाएवढा तुकडा, सीपीयूच्या मागे लावलेला, आणि तो हरवू नये म्हणून सुतळीने मशीनच्या पायाला बांधलेला. मी स्वतः बघितलाय. सुतळीला हळदी-कुंकवाचं बोट लागलेलं, खंडेनवमीला मशीनची पूजा होते त्यातलं. आणि त्या मशीनच्या पोटात वीस वर्षांच्या पत्रिका. कुणाच्या थोरल्याच्या लग्नाची पत्रिका काढली असेल तर धाकट्याच्या वेळी नावं बदलायची, तारीख बदलायची, झालं.

असल्या माणसाला वेगळा कॉम्प्युटर विकायचा कसा? वेगळा म्हणजे ज्याची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, चिप वेगळी किंवा घडणच वेगळी, आणि जो आज मोजके हौशी लोक वापरतात. हौशी लोकांच्या वर्तुळातून असा कॉम्प्युटर चारचौघांच्या टेबलावर कसा जातो, हे मला दुकानात बसून जेवढं कळलं आणि वाचून जेवढं कळलं तेवढं सांगतो.

मक्याची गोष्ट

नवी वस्तू लोकांत कशी पसरते, यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास मक्यावर झालाय. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९२८ च्या सुमारास संकरित मका आला. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी तिथल्या २५९ शेतकऱ्यांना गाठून विचारलं, की तुम्ही हे बी कधी घेतलं, कुणाकडून कळलं, का घेतलं. १९४३ साली त्यांनी ते छापलं. १९४१ पर्यंत २५९ पैकी दोघं सोडून सगळ्यांनी बी घेतलेलं होतं. पण तिथवर यायला तेरा वर्षं लागली. बी उघड उघड चांगलं होतं, तरी. पहिल्या वर्षी कुणी सगळं रान त्याखाली घातलं नाही, एका कोपऱ्यात पेरून बघितलं. आणि बी विकणाऱ्याकडून बातमी कळली तरी उशिरा घेणाऱ्यांचं मन वळवलं ते शेजाऱ्याने.

आपल्याकडच्या कुठल्याही ऊसकऱ्याला हे सांगायची गरज नाही. आमच्या मामांनी ८६०३२ जातीचा ऊस लावला तो आधी विहिरीकडच्या चार सऱ्यांत. कारखान्याच्या माणसाने चांगला म्हटला म्हणून लावला नाही. बांधाला बांध लागून असलेल्याने लावला, तो पडला नाही, म्हणून लावला.

त्याच आयोवात एव्हरेट रॉजर्स नावाचा मुलगा शेतात वाढत होता. त्याच्या वडिलांना यंत्रांची भारी हौस, पण संकरित मक्याला मात्र त्यांचा नकार. १९३६ साली दुष्काळ पडला. शेजारच्या रानात संकरित मका उभा राहिला, यांचा वाळला. मग वडील वळले. पुढे हा रॉजर्स समाजशास्त्रज्ञ झाला आणि १९६२ साली त्याने नवी वस्तू घेणाऱ्यांचे पाच गट मांडले. अगदी आधी उडी मारणारे २.५ टक्के, त्यांच्यामागून डोळसपणे येणारे १३.५ टक्के, मग ३४ टक्के जरा लवकरचे, ३४ टक्के जरा उशिराचे, आणि शेवटी १६ टक्के, जे बाकी काही उरलंच नाही की येतात. आपले काका मधल्या ६८ टक्क्यांत. पैसा तिथं आहे.

१९९१ साली जेफ्री मूर या अमेरिकन सल्लागाराने यात एक गोष्ट घातली, आणि कॉम्प्युटर कंपन्यांना तीच जास्त उपयोगाची आहे. तो म्हणाला, पहिले १६ टक्के आणि मधले ६८ टक्के यांच्यात खिंड आहे. पहिल्यांना विकून झालं की पुढचे आपोआप येतील असं कंपनीला वाटतं, आणि ती खिंडीत पडते. कारण दोघं वेगळ्याच गोष्टी विकत घेत असतात.

हे मला रोज दिसतं. व्हीटीयूच्या, म्हणजे इथल्या तंत्र विद्यापीठाच्या, कॉलेजांतली पोरं दुकानात येतात. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम, तीही दर महिन्याला नवी टाकतात, वाय-फाय बंद पडलं की रात्रभर जागून चालू करतात आणि दुसऱ्या दिवशी मला ते रंगवून सांगतात. बिघाड हा त्यांना करमणुकीचा भाग वाटतो. तोच बिघाड काकांच्याकडे लग्नाच्या तिथीआधी आठ दिवस झाला तर मुलीचा बाप दारात उभा असतो. म्हणून इंजिनिअरिंगचा पोरगा "एक नंबर आहे काका, घ्या" म्हणाला तर काका हसून सोडून देतात. निपाणीचा दुसरा छापखानेवाला "मी दोन सिझन काढले ह्याच्यावर" म्हणाला तर मात्र कान देतात. खिंड ती एवढीच. इकडच्यांच्या शब्दाला तिकडे वजन नाही.

ट्रॅक्टरला लागणारं सामान

ट्रॅक्टर घेताना कुणी नुसता ट्रॅक्टर बघत नाही. आपला जुना रोटर त्याला बसतो काय, ट्रॉलीचा हूक जुळतो काय, स्पेअर बेळगावात मिळतं काय, गावात त्याचा मिस्त्री कोण, आणि पाच वर्षांनी काढला तर गिऱ्हाईक लागतं काय. हे सगळं मिळून तो ट्रॅक्टर असतो. कंपनी लोखंडाला ट्रॅक्टर म्हणते, शेतकरी या सगळ्याला मिळून म्हणतो.

कॉम्प्युटरचं तसंच. आमच्या भागात एखादी कंपनी वेगळं मशीन घेऊन आली तर तिला काय काय जुळवावं लागेल बघा. व्यापाऱ्याला हिशोबाचं टॅली लागतं, ते विंडोजवर बसतं. टॅक्स भरणाऱ्याला डिजिटल सहीचा टोकन लागतो, त्याचा ड्रायव्हर हवा. उद्यमबाग या बेळगावच्या कारखान्यांच्या भागात फाउंड्री आणि सीएनसीच्या शेडमध्ये ड्रॉइंग येतं ते सॉलिडवर्क्समध्ये, तेही विंडोजचंच. छापखान्याला मराठी आणि कन्नड दोन्ही, आणि तेही जुन्या फॉन्टमधलं. हे शेवटचं जरा उलगडून सांगतो, कारण बाहेरच्या माणसाच्या हे ध्यानातच येत नाही.

युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकच ठरलेला क्रमांक द्यायची पद्धत. त्यात देवनागरी १९९१ पासून आहे. पण आपल्या छापखान्यांनी मराठी टाइप करायला घेतलं तेव्हा मशिनी आणि सॉफ्टवेअर युनिकोड समजत नव्हते. तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून फॉन्ट केले गेले. पडद्यावर ‘श्री गणेशाय नमः’ दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा असतो. तो विशिष्ट फॉन्ट असेल तोवर मराठी, काढला की ‘§’ आणि ‘¥’ यांची जत्रा. काकांच्या वीस वर्षांच्या पत्रिका अशा भाषेत लिहिलेल्या आहेत जी जगात फक्त त्यांच्या मशीनला वाचता येते. कन्नडच्या जुन्या फाइलींची तीच तऱ्हा. फाइली बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं घसरतात, रफार भलत्याच डोक्यावर बसतो, आणि पत्रिकेत वराच्या आजोबांचं नाव चुकलं तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं.

म्हणजे नव्या मशीनची किंमत पन्नास हजार असली तरी काकांना पडणारी किंमत पन्नास हजार अधिक वीस वर्षांच्या फाइली अधिक नवीन शिकायला जाणारा एक सिझन. कंपनी पहिला आकडा कमी करत बसते. अडचण दुसऱ्या-तिसऱ्यात असते.

ॲपलने पूल बांधले ते असे

खिंड ओलांडलेल्या कंपनीचं नाव घ्यायचं तर ॲपलचंच घ्यावं लागतं. पण तिची गोष्ट सहसा एका हुशार माणसाची आणि सुंदर डिझाइनची म्हणून सांगतात. मला ती पुलांची गोष्ट वाटते.

मॅक १९८४ चा. पहिल्या वर्षी गाजावाजा झाला, मग विक्री थंडावली. त्याला जागा मिळाली १९८५ मध्ये, आणि ती छापखान्यात. ॲपलचा लेझर प्रिंटर, ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पान वर्णन करायची भाषा, आणि आल्डस कंपनीचा पेजमेकर. तिन्ही एकत्र आल्यावर टेबलावर बसून मासिकाचं पान लावता यायला लागलं. प्रिंटर एकटाच सात हजार डॉलरच्या घरात, तरी लोकांनी घेतला, कारण जुळारी आणि टाइपसेटरचा खर्च वाचत होता. होय, पेजमेकर हे मूळचं मॅकचं लेकरू. विंडोजवर ते नंतर आलं. काकांना हे सांगितलं तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्यांच्याच घरातली भाऊबंदकी त्यांना सांगतोय.

एक गल्ली धरली, तिथलं सगळं सामान पुरवलं. इथवर बरोबर. पण ॲपल त्याच गल्लीत बसून राहिली. छापखाने, डिझाइनवाले, काही शाळा, बस. १९९७ साली कंपनीला वर्षाला एक अब्ज डॉलरपेक्षा जास्त तोटा झाला.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या मेळाव्यात स्टीव्ह जॉब्सने जाहीर केलं, की मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर घालतेय. मागच्या भल्या मोठ्या पडद्यावर बिल गेट्स दिसला आणि सभागृहातल्या मॅकप्रेमींनी हुर्यो उडवली. सगळे पैशाचं बोलतात, पण त्या करारात दुसरंही एक कलम होतं. मायक्रोसॉफ्ट ऑफिस पुढची पाच वर्षं मॅकवर येत राहील. ज्याला ऑफिसातून वर्डची फाइल येते त्याच्यासाठी हेच कलम मोलाचं. हौशी मंडळी हुर्यो करत होती, आणि नेमकं बाहेरच्यांसाठी दार उघडत होतं.

१९९८ ला आयमॅक आला, १,२९९ डॉलरला. फ्लॉपी काढून टाकलेली, निळसर पारदर्शक, इंटरनेट लावायला सोपा. घेणाऱ्यांतला जवळपास तिसरा हिस्सा आयुष्यात पहिल्यांदाच कॉम्प्युटर घेणारा होता. हे फार हुशारीचं होतं, ठरवून असो वा नसो. ज्याच्याकडे जुन्या फाइलीच नाहीत त्याला सोडून यायचं काही नसतं.

२००१ च्या मे महिन्यात कंपनीने स्वतःची दुकानं काढली. त्यात एक काउंटर फक्त विचारायला. मशीन घेऊन जा, माणसासमोर ठेव, विचार. आपल्याकडे ‘विचारायचा माणूस’ म्हणतात तो त्यांनी पगारावर ठेवला. भारतात त्यांचं पहिलं स्वतःचं दुकान मुंबईत उघडलं ते २०२३ च्या एप्रिलमध्ये. मधल्या बावीस वर्षांत इकडे मॅक का पसरला नाही, याचं एक उत्तर मला यात दिसतं.

त्याच २००१ च्या ऑक्टोबरात गाणी ऐकायचा आयपॉड आला, आणि तो फक्त मॅकला जोडायचा. पुढच्या वर्षी विंडोजला जोडता यायला लागला आणि २००३ मध्ये त्यात गाणी भरायचं आयट्यून्स हे सॉफ्टवेअर विंडोजवर आलं. जॉब्सचा आधी याला विरोध होता. आपली खास गोष्ट परक्याच्या मशीनवर का द्यायची, हा हौशी गल्लीतला विचार. दिली, आणि २००४ संपेपर्यंत एक कोटी आयपॉड गेले. विंडोजवाल्या लाखो घरांत ॲपलची एक वस्तू शिरली, ती बिघडत नाही हे लोकांनी बघितलं. चार सऱ्या लावून बघण्यासारखंच. २००५ च्या जानेवारीत ४९९ डॉलरचा मॅक मिनी आला, त्यासोबत ना पडदा, ना कीबोर्ड. जुन्या पीसीचे लावा. आणि २००६ मध्ये मॅकमध्ये इंटेलची चिप आली आणि एप्रिलमध्ये बूट कॅम्प, म्हणजे मॅकवरच विंडोज टाकायची अधिकृत सोय.

२००५ च्या आर्थिक वर्षात ॲपलने साधारण ४५ लाख मॅक विकले होते. २००८ ला ९७ लाख. तीन वर्षांत दुपटीच्या वर.

यात जाहिरातींचा वाटा होताच. साधा पोरगा मॅक आणि कोटातला पीसी, त्या २००६ पासूनच्या जाहिराती लोकांना अजून आठवतात. बूट कॅम्प कुणाला आठवत नाही. पण दुकानदार म्हणून मला विचाराल तर गिऱ्हाइकाच्या पोटातली भीती बूट कॅम्पने काढली. "नाही जमलं तर विंडोज टाकता येतंय की" हे एक वाक्य विकणाऱ्याला मिळालं. बहुतेकांनी ते कधी टाकलंही नसेल. परतीची एसटी आहे हे माहीत असलं की माणूस गावाला जायला तयार होतो. शिवाय २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा आली आणि लोकांनी तिच्या नावाने बोटं मोडली. हा रॉजर्सच्या बापाचा दुष्काळ. दुष्काळ आपल्या हातात नसतो, पण तेव्हा शेजारच्या रानात पीक उभं असावं लागतं, आणि ॲपलचं होतं.

एकच कंपनी, दोन निकाल

पुलाचं महत्त्व तपासायचं तर व्हॉल्व्ह या गेमवाल्या कंपनीकडे बघा. २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाने तिने दुसऱ्या कंपन्यांकडून लिनक्सवर चालणारे गेमिंग कॉम्प्युटर बाजारात आणले. बहुतेक गेम विंडोजसाठी लिहिलेले, ते यावर चालेनात. गेमवाल्यांनी आमच्यासाठी वेगळी आवृत्ती काढावी, ही अपेक्षा. त्यांनी कशाला काढावी? मशीन पडलं. मग कंपनीने उलटं केलं. विंडोजचे गेम जसेच्या तसे लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन नावाचं दुभाषी सॉफ्टवेअर २०१८ ला काढलं, त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत हातात धरायचं स्टीम डेक आणलं, ३९९ डॉलरपासून. चाललं. घेणाऱ्या कित्येकांना आत लिनक्स आहे हे ठाऊकही नाही, आणि ठाऊक असायचं कारण नाही.

आपल्या देशातही अशी एक जोडी आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोअर कंपनीने मिळून सिंप्युटर बनवला. हातात मावणारा, लिनक्सवरचा, भारतीय भाषांत बोलणारा, स्मार्ट कार्ड घातलं की तुमचा होणारा, म्हणजे गावात एकच घेऊन सगळ्यांनी वापरावा. २००४ साली अमिडा सिंप्युटर नावाने बाजारात आला, बनवला भारत इलेक्ट्रॉनिक्सने. काळाच्या पुढची वस्तू होती, जमिनीच्या नोंदींच्या सरकारी कामातही वापरली गेली. विक्री काही हजारांपुढे सरकली नाही. मला वाटतं, त्यांनी सगळ्या गरीब खेडुतांना एकदम गिऱ्हाईक धरलं. गरीब खेडूत ही काही गल्ली नव्हे. त्यात भातवाला, विणकर, विडी वळणारी बाई, सगळे आले आणि प्रत्येकाचं काम वेगळं. कुठल्याच एकाचं काम शेवटपर्यंत पुरं झालं नाही, आणि तेवढ्यात मोबाईल आला.

त्याच्या आधीची गोष्ट जिस्ट कार्डची. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेलं हे कार्ड पीसीच्या आत बसवायचं. बसवलं की डॉस या विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवरचे नेहमीचे प्रोग्रॅम भारतीय लिप्यांत चालायचे. डीबेस या याद्या ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये मराठी नावं भरता यायची. यांनी नवीन कॉम्प्युटर घ्या असं म्हटलंच नाही. आहे त्याच्या पोटात हे घाला, म्हटलं. भारतीय भाषांतल्या कॉम्प्युटरची वाट अशा कार्डांनी रुळवली, आणि आज बऱ्याच जणांना त्याचं नावही माहीत नाही.

माझी फजिती

मी स्वतः एकदा खिंडीत पडलो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी नेटबुकचं वेड होतं. एका कंपनीच्या माणसाने मला लिनक्स घातलेली सहा नेटबुकं गळ्यात मारली. स्वस्त, हलकी, दिसायला गोड. त्यातली चार मी पटापट विकली, कारण किंमत बघून लोक येत होते. पंधरा दिवसांत तीन परत. तक्रार सगळ्यांची तीच, "आमचं ते निळं ‘ई’ कुठंय?" म्हणजे विंडोजमधलं इंटरनेट उघडायचं चिन्ह. चौथं घेतलेल्या शिक्षकांनी ते शिकून घेतलं, चांगलं वापरत होते, आणि मग त्याचा पडदा गेला. सर्व्हिस सेंटर दुसऱ्या शहरात. मशीन पार्सलने गेलं, दीड महिना आलं नाही. त्या काळात सर येळ्ळूरकडे, उचगावकडे जितक्या कार्यांना गेले तितक्या पंगतीत ही कथा सांगितली. माझं नाव घेऊन, कंपनीचं नाव त्यांना आठवायचं नाही. उरलेली दोन मी विंडोज टाकून, पदरचे पैसे घालून विकली.

तेव्हापासून विकायच्या आधी मी कंपनीच्या माणसाला एकच विचारतो. बेळगावात बिघडलं तर बेळगावात दुरुस्त होतंय काय? अमेरिकन शाळांत क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या सिस्टिमवर चालणारा लॅपटॉप, पसरलं त्यात हाच भाग होता. सगळं इंटरनेटवर, म्हणून एक फुटलं तर दुसरं हातात द्यायचं, पोराने आपलं नाव घातलं की त्याची वही समोर हजर. दुरुस्तीची वाट बघायचा प्रश्नच काढून टाकलेला.

इथं सुरुवात कुठून करावी

समजा एखादी छोटी कंपनी वेगळं, चांगलं मशीन घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, बेळगाव भागात पसरवून द्या. मी कुठं जाईन? छापखान्यात नक्की नाही, काका बघितले. टॅलीवाल्यांकडे नाही. उद्यमबागेत नाही, तिथं ड्रॉइंग उघडलं नाही तर पार्टी दुसऱ्या शेडमध्ये जाते.

मी लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांकडे जाईन. लोक यावर हसतात, पण हिशोब बघा. त्यांचं दुखणं मोठं आहे आणि दर सिझनला दुखतं. दोन कॅमेरे, एक ड्रोन, रात्री दोनला एडिट करताना मशीन अडकतं आणि सकाळी वऱ्हाडाला टीझर पाठवायचा असतो. वेग त्यांच्या खरंच उपयोगाचा, एका रात्रीत दिसतो. जुन्या फाइली सांभाळायचं ओझं कमी, पेनड्राइव्ह दिला की काम संपलं. आणि एकमेकांशी बांधलेले. लेन्स उसनी नेतात, एकाची तारीख लागली तर दुसऱ्याला काम देतात, चंदगडपासून निपाणीपर्यंत सगळे एकमेकांना ओळखतात. एकाने दोन सिझन काढले की दहा जणांना कळतं. मूरची अटही हीच आहे. जे एकमेकांना विचारून वस्तू घेतात तीच खरी गल्ली.

त्या गल्लीतल्या दहा जणांना मी मशीन एक सिझन वापरायला देईन. सोबत एक जास्तीचं मशीन दुकानात तयार ठेवेन, अडलं की रात्री बदलून द्यायला. त्यांच्या टायटलला लागणारे मराठी आणि कन्नड फॉन्ट आधी घालून, वधूवरांची नावं स्वतः टाइप करून बघेन. ‘ज्योत्स्ना’ नीट उमटतंय का बघायचं. नंतर पुढची गल्ली शेजारचीच. व्हिडिओवाल्याचा अल्बम डिझाइन करणारा, त्याच्यामागून फ्लेक्सवाला. फ्लेक्सवाल्यापर्यंत पोचलो की मग छापखाना समोर दिसतो, आणि तोपर्यंत पत्रिका युनिकोडमध्ये करणारी पोरं कामाला लागलेली असतील.

किंमत मी शेवटी धरतो. सगळ्यात स्वस्त असायची गरज नाही, पण हप्ता बसला पाहिजे आणि तीन वर्षांनी जुन्या बाजारात त्याला भाव आला पाहिजे. हातातलं मशीन विकून पुढचं घ्यायची सवय असलेल्या गावात हे दुसरं फार चालतं.

काकांचं काय झालं, विचाराल. त्या दिवशी ते मॅक बॅगेत घालून घेऊन गेले. मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर परत गेली होती, तिने फोनवरून सांगून तो काउंटरवर लावायला लावला. त्यावर ती पुण्याहून पत्रिकांचे नमुने पाठवते, गिऱ्हाईक मोठ्या पडद्यावर बघून रंग निवडतं. पसंत पडलं की पीडीएफ, आणि पीडीएफ जुन्या मशीनवर छापायला. सुतळीचा डोंगल जिथं होता तिथंच आहे.

अक्षय तृतीयेच्या आधी त्यांचा फोन आला.

"त्या मॅकचं चार्जर मिळतंय काय बेळगावात? आमचं उंदरानं कुरतडलं."

"टाइप-सी आहे काका. मोबाईलचा तीस वॅटचा असला तरी चालतंय."

पलीकडे जरा शांतता. मागे मशीनची खडखड ऐकू येत होती.

"चालतंय म्हणता?"

"चालतंय."

"मग दोन बाजूला काढून ठेवा. एक दुकानात, एक घरात."